हमीपत्राबाहेरची काच

या सदरातून वर्षभर मी इतरांच्या फजित्या सांगत असतो आणि वाचकमंडळी त्या मोठ्या समाधानाने वाचत असतात. दिवाळी अंकात मात्र स्वतःची एखादी सांगायची, असा माझा जुना रिवाज आहे. सणासुदीला पाहुण्यांना घरचेच वाढावे. यंदाची गोष्ट एका घड्याळाच्या काचेची आहे. तिच्यात मी नुसता वेंधळा ठरलो असतो तर ती मी गेल्याच वर्षी लिहून मोकळा झालो असतो. वेंधळेपणाची मला सवय आहे. पण प्रकरण तेवढ्यावर थांबले नाही, म्हणून लिहायला एक वर्ष लागले.

माझ्या एकसष्टीला, म्हणजे गेल्या वर्षीच्या फेब्रुवारीत, चिरंजीवांनी जर्मनीहून येताना एक घड्याळ आणले. घड्याळ स्विस होते. नाव सांगत नाही, कारण पुढे त्या कंपनीशी आमची थोडी बाचाबाची व्हायची आहे. ज्या पेटीत ते आले ती पेटी आमच्या देव्हाऱ्यापेक्षा मोठी होती. चिरंजीवांनी किंमत सांगितली नाही आणि मी विचारली नाही. पण आमच्या सौभाग्यवतींनी पंधरा मिनिटांत मोबाइलवर ती शोधून काढली आणि स्वयंपाकघरात बोलावून हलक्या आवाजात सांगितली. पावणेतीन लाख रुपये! माझ्या वडिलांनी १९७६ साली डोंबिवलीला जागा घेतली, तिला यातले दहा टक्केसुद्धा लागले नव्हते. आणि त्या जागेला काही हातात बांधून हिंडायचे नव्हते.

वडिलांचे घड्याळ होते एच.एम.टी. जनता. बंगळूरला १९६१ साली जपानच्या सिटिझन कंपनीच्या मदतीने हा सरकारी घड्याळ-कारखाना निघाला आणि पुढे एका पिढीने त्याच्या घड्याळांवर लग्ने लावली, परीक्षा दिल्या आणि लोकल पकडल्या. २०१६ साली सरकारने तो धंदा बंद करायचे ठरवले. ‘जनता’ला रोज सकाळी चावी द्यावी लागे. तिची काच म्हणजे खरे तर प्लॅस्टिक. तिच्यावर ओरखडे इतके पडत की सहा महिन्यांनी साडेनऊ आणि साडेदहा यांतला फरक अंदाजाने ओळखावा लागे. मग वडील बोटावर थोडी टूथपेस्ट घेत आणि काच गोल गोल घासत बसत. दहा मिनिटांत काच लख्ख. हमीपत्र वगैरे काही होते की नाही कोण जाणे. त्याची आठवण कोणाला झाली नाही.

नव्या घड्याळाबरोबर मात्र एक गुळगुळीत कार्ड आले. त्यावर घड्याळाचा क्रमांक, विक्रीची तारीख आणि दुकानाचा शिक्का होता. दोन वर्षांची आंतरराष्ट्रीय हमी. चिरंजीवांनी अभिमानाने सांगितले, “बाबा, काच सफायरची आहे. कितीही वापरा, ओरखडा पडणार नाही.” मी ते वाक्य ऐकले आणि मनात ‘कितीही वापरा, फुटणार नाही’ असे लिहून ठेवले. आपण मराठी माणसे जाहिरात वाचतो ती अशी.

घड्याळ मी पहिले आठ दिवस जपले, पुढचे आठ दिवस मिरवले आणि नंतर ते अंगवळणी पडले. तरी भाजी घेताना डावा हात पुढे करण्याची सवय काही सुटली नाही. भाजीवाल्याने एकदा विचारलेही, “काका, हाताला काही लागलं का?”

असो. गेल्या दिवाळीच्या आधीचा रविवार. घरात साफसफाई निघालेली. माळ्यावरचे पितळी घंगाळ खाली काढायचे होते. वर्षभर ते माळ्यावर राहते, दिवाळीला खाली येते, चिंचेने घासले जाते आणि पुन्हा वर जाते. त्यात पाणी कोणी तापवत नाही. मी स्टुलावर चढलो. सौ. स्टूल धरून उभी होती.

“अहो, घड्याळ काढून ठेवा आधी.”

“राहू दे गं. सफायर आहे.”

घंगाळ अपेक्षेपेक्षा जड निघाले. माझा तोल जाऊ लागला, घंगाळ मी पोटाशी धरले आणि डावा हात सावरण्यासाठी खाली गेला तो स्वयंपाकाच्या ग्रॅनाइटच्या ओट्याच्या कडेवर. ‘टक्’ असा आवाज झाला. मोठा नाही, सुपारी फुटल्यासारखा. पाहतो तो दोनच्या आकड्यापाशी काचेच्या कडेला तांदळाएवढा टवका उडालेला आणि तिथून एक बारीक रेघ थेट आठच्या आकड्यापर्यंत गेलेली. काटा आपला शांतपणे फिरत होता.

सौ. काही बोलली नाही. वाचकांतले जे विवाहित आहेत त्यांना याचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही.

दुसऱ्या दिवशी मी स्टेशनजवळच्या आमच्या जुन्या घड्याळजींकडे गेलो. पायरीएवढी जागा, समोर काचेची पेटी, डोळ्याला भिंग. वडिलांच्या ‘जनता’चे पोटशूळ त्यांनीच वर्षानुवर्षे बरे केले होते. त्यांनी नवे घड्याळ उजेडात धरले, भिंगातून दोन मिनिटे न्याहाळले आणि विचारले, “कशावर आपटलं, साहेब?”

“आपटलं नाही हो. असाच तडा गेला.”

हे वाक्य माझ्या तोंडून का गेले, ते मला आजही सांगता येत नाही. त्यांना खोटे सांगून मला काहीच मिळायचे नव्हते. पुढच्या मोठ्या खोट्याची ती रंगीत तालीम असावी. त्यांनी भिंग काढले, माझ्याकडे पाहिले आणि विषय बदलला.

“ही काच, काच नाही साहेब. हा कुरुंद आहे.”

कुरुंद म्हटल्यावर मला लहानपणीचा धारवाला आठवला. सायकल उभी करून पायाने चाक फिरवणारा आणि विळ्यांतून ठिणग्या उडवणारा. घरी येऊन मी वाचून पाहिले, तर घड्याळजींचे बोलणे अक्षरशः खरे होते. माणिक आणि नीलम ही दोन्ही रत्ने मुळात कुरुंदाचीच. रंग येतो तो त्यात मिसळलेल्या किंचित परक्या द्रव्यांमुळे. इंग्रजीतला ‘कोरंडम’ हा शब्दसुद्धा आपल्या देशातूनच तिकडे गेला आहे. तमिळमधला ‘कुरुंदम’ आणि संस्कृतातला ‘कुरुविंद’ हे त्याचे नातेवाईक. ऑग्युस्त व्हेर्नय नावाच्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १९०२ साली कृत्रिम माणिक बनवण्याची आपली रीत जाहीर केली. अॅल्युमिनियम ऑक्साइडची शुभ्र पूड प्राणवायू आणि हायड्रोजनच्या ज्योतीतून खाली सोडायची. ती वितळून थेंबाथेंबाने साचते आणि तिचा एक स्फटिक वाढत जातो. घड्याळाच्या तबकडीवर ‘१७ ज्वेल्स’ असे लिहिलेले असते, ते ज्वेल म्हणजे असे कारखान्यातले माणिक. चाकांचे आस झिजू नयेत म्हणून बसवलेले. म्हणजे वडिलांच्या ‘जनता’च्या पोटातही कुरुंद होताच. माझ्या घड्याळात तो छपरावरही होता, इतकाच फरक. रंग न मिसळलेला स्फटिक हिऱ्याच्या करवतीने कापायचा, घासायचा, चकचकीत करायचा, की झाली सफायरची काच.

कठीणपणाच्या मोजपट्टीवर हिऱ्याला दहा गुण, कुरुंदाला नऊ, गारेला सात आणि खिडकीच्या काचेला साधारण साडेपाच. तेव्हा ग्रॅनाइटच्या ओट्याची काय बिशाद की तो सफायरवर ओरखडा उठवील! पण ओरखडा न पडणे वेगळे आणि न फुटणे वेगळे. प्लॅस्टिक मऊ असते, मार खाते, वाकते, ओरखडे सोसते, पण सहसा त्याचे तुकडे होत नाहीत. १९६९ साली चंद्रावर गेलेल्या अंतराळवीरांच्या ओमेगा घड्याळांवर प्लॅस्टिकचीच काच होती, ती याचसाठी. तिथे यानात काचेचे कण तरंगू लागले असते तर झाडू कोण मारणार? सफायर वाकत नाही. सपाट अंगावर बसलेला मार ती पचवते. पण कडेवर नेमका टोला बसला की टवकाच उडतो.

“मग बसवून देता का दुसरी?” मी विचारले.

“माझ्याकडे साधी काच आहे. अर्ध्या तासात बसवीन. पण मी मागचं झाकण उघडलं की तुमचं कार्ड म्हणजे नुसता कागद. शिवाय पाणी आत जाऊ नये म्हणून काचेखाली जे रबरी कडं असतं, ते या मॉडेलचं माझ्याकडे नाही. पावसाळ्यात घड्याळात ढग दिसतील. कंपनीकडेच न्या.” असे म्हणून त्यांनी काचेवर पारदर्शक चिकटपट्टीचा तुकडा नीट लावून दिला. “हातात घालू नका, चावी फिरवू नका. कण तबकडीवर पडला तर काटे त्याला ओढत फिरतील. आणि हो, नवी काच बसली की हिऱ्याबरोबर एका डबीत ठेवू नका. तिच्यावर ओरखडा काढणारा घरात तेवढाच.”

पैसे विचारले तर नुसता हात हलवला.

घरी या विषयावर बैठक बसली. आमच्या मजल्यावर एक निवृत्त वकील राहतात. पूर्वी जिल्हा न्यायालयात त्यांचा दरारा होता. आता तो सोसायटीच्या वार्षिक सभेत असतो. आमचे मेहुणेही फराळाच्या निमित्ताने आलेले. दोघांचे एका गोष्टीवर एकमत झाले: आपटल्याचा उल्लेख करायचा नाही. “सकाळी उठून पाहिलं तर तडा होता, एवढंच सांगायचं,” मेहुणे म्हणाले. “काचेत मुळात दोष असणार. उष्णतेनंही जातो तडा.” मी विज्ञान वाचून बसलो होतो, डोंबिवलीच्या उष्णतेने ज्योतीत जन्मलेल्या कुरुंदाला तडा जात नाही हे मला ठाऊक होते. तरी मी मान डोलावली. पावणेतीन लाखांच्या वस्तूपुढे विज्ञान माणसाला फार वेळ धरून ठेवत नाही.

त्या रात्री भिंग घेऊन मी हमीपुस्तिका वाचली. अनेक भाषांत होती, मराठी सोडून. मजकूर सरळ होता. घड्याळाच्या साहित्यात किंवा बनावटीत दोष निघाला तर कंपनी फुकट दुरुस्त करील. पट्ट्याची झीज, नेहमीच्या वापराने आलेले ओरखडे, निष्काळजीपणा आणि अपघात हे हमीत नाही. आणि अपघात म्हणजे काय, ते कंसात दिले होते: ठोके, पोचे, चेपणे आणि फुटलेली काच. जणू त्या स्वित्झर्लंडच्या माणसाने माझा ओटा पाहून ठेवला होता.

धनत्रयोदशीच्या दिवशी आम्ही दोघे मुंबईला त्या सेवाकेंद्रात गेलो. थंडगार हवा, मऊ खुर्च्या, विचारण्याआधीच पाण्याचे पेले. काउंटरवर आमच्या धाकट्या भाचीच्या वयाची एक मुलगी होती. तिने कापडावर घड्याळ ठेवले, कार्ड तपासले, संगणकावर क्रमांक टाकला आणि अगदी सहज विचारले, “काय झालं होतं, सर?”

“काही नाही. सकाळी उठून पाहिलं तर तडा.”

“कुठे लागलं वगैरे?”

“नाही.”

सौ. त्या क्षणी उठली आणि पलीकडच्या कपाटातली घड्याळे पाहू लागली. तिला घड्याळांत काडीचा रस नाही. मुलीने माझे उत्तर टंकले, छापील पावती पुढे केली. ‘ग्राहकाच्या म्हणण्यानुसार तडा आपोआप’ असे तिच्यावर इंग्रजीत होते. खाली मी सही केली. चाळीस वर्षे बँकेत दुसऱ्यांच्या सह्या पडताळण्यात घालवली. स्वतःची ती सही मला जरा वेडीवाकडी वाटली.

परतीच्या लोकलमध्ये सौ. खिडकीबाहेर पाहत होती. ठाणे गेल्यावर तिने कंदील घ्यायचा राहिल्याची आठवण केली. बाकी काही नाही.

चिरंजीवांचा फोन दर रविवारी येतो. त्या रविवारी त्यांनी विचारले, “घड्याळ कसं चालतंय, बाबा?” मी म्हणालो, “मस्त.” पुढच्या रविवारी पुन्हा विचारले. मी पुन्हा मस्त म्हणालो. असे चार रविवार गेले. एकदा व्हिडिओवर हात दाखवायला सांगितला, तेव्हा मी पूर्ण बाह्यांचा स्वेटर घालून बसलो होतो. डोंबिवलीत, नोव्हेंबरात.

चौथ्या आठवड्यात कंपनीची ई-मेल आली. सोबत काचेचा मोठा करून काढलेला फोटो होता. तांदळाएवढा टवका त्यात परातीएवढा दिसत होता, शिंपल्यासारख्या वळ्यांचा. आणि त्याच्या अगदी शेजारी काचेभोवतीच्या पोलादी कडीवर एक पोचा होता, जो मी इतके दिवस पाहिलाच नव्हता. काचेला आपोआप तडा जाईल एक वेळ, पण पोलादाला आपोआप पोचा कसा पडावा? खाली दोन ओळी होत्या: बाहेरून बसलेल्या आघातामुळे नुकसान, हमीत बसत नाही. आणि अंदाजपत्रक: काच १४,५०० रुपये, संपूर्ण सर्व्हिसिंग २७,००० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी. एकूण ४८,९७०.

वकीलसाहेबांना स्फुरण चढले. “सोडायचं नाही. २०१९चा ग्राहक संरक्षण कायदा आहे. तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते, मुंबईला खेटे घालायला नकोत. पाच लाखांपर्यंतच्या वस्तूला फी नाही. आधी १९१५ या हेल्पलाइनवर नोंदवू. कंपनीनं सिद्ध करावं आघात कसा झाला ते! मी आजच मसुदा करतो. तुम्ही फक्त एक शपथपत्र द्यायचं, की घड्याळ कुठंही आपटलेलं नाही.”

चहाचा ट्रे घेऊन आलेली सौ. दारातच थांबली.

“शपथेवर?” तिने विचारले.

महिनाभरात या विषयावर ती उच्चारलेला हा पहिला शब्द. वकीलसाहेब तिला शपथपत्राची कार्यपद्धती समजावून सांगू लागले. मी चहाकडे पाहत होतो. मला तो आवाज ऐकू आला, सुपारी फुटल्यासारखा. आणि तो तिनेही ऐकलेला होता, स्टूल धरून. उद्या आयोगाने विचारले तर त्या वेळी घरात आणखी कोण होते, असा प्रश्न येणार. मी वकीलसाहेबांना म्हणालो, “मसुदा राहू द्या.”

“का? केस भक्कम आहे.”

“ओट्यावर आपटलं होतं.”

“ते मला ठाऊक आहे हो,” ते म्हणाले, “अख्ख्या मजल्याला ठाऊक आहे.” आणि चकली घेतली.

त्या रविवारी फोनची वाट न पाहता मीच लावला आणि घंगाळापासून पावतीपर्यंत सगळे एका दमात सांगितले. पलीकडे थोडा वेळ शांतता होती. मग चिरंजीव म्हणाले, “मला गुरुवारीच कळलं, बाबा. घड्याळ माझ्या नावावर नोंदलेलं आहे. तुम्हाला आली तीच मेल मलाही आली.”

“मग बोलला का नाहीस?”

“वाट बघत होतो.” पुन्हा शांतता. “फुटलं त्याचं काही नाही हो. वस्तू आहे, फुटणारच. पण चार रविवार मी विचारतोय आणि तुम्ही मस्त म्हणताय. आता मला प्रश्न पडलाय की तब्येत कशी आहे विचारल्यावर तुम्ही मस्त म्हणता, ते काय असतं?”

याला माझ्याकडे उत्तर नव्हते. रक्तदाबाची गोळी बदलली होती, तेही मग सांगून टाकले. तासभर बोललो. सौ. स्वयंपाकघरातून हळूच येऊन शेजारी बसली आणि फोन स्पीकरवर टाकायला लावला.

आता पैशांचे. अंदाजपत्रक सौ.ने मागून घेतले. पंचेचाळीस वर्षे ज्या नजरेने ती वाण्याची यादी तपासते त्याच नजरेने तिने ते तपासले आणि दुसऱ्याच ओळीवर बोट ठेवले. “हे सर्व्हिसिंग कशाला? आठ महिन्यांचं घड्याळ आहे. यंत्र बिघडलं आहे असं कुठं लिहिलंय?”

खरेच कुठे लिहिले नव्हते. चूक कबूल करण्याच्या आनंदात मी ४८,९७० रुपये भरायला निघालो होतो. गुन्हा कबूल केला म्हणजे समोरच्याने मागेल तो दंड द्यायचा, असे नसते हे मला सुचलेच नाही. कंपनीवर माझा राग आहे तो एवढ्याच जागी. काच फुकट बदलली नाही, हे योग्यच होते. त्यांनी ते आधीच छापून दिले होते. पण काच बदलायला आलेल्या माणसाच्या यादीत न मागितलेले २७,००० रुपये घालून ठेवायचे आणि तो विचारतो का बघायचे, हे काही देव्हाऱ्याएवढ्या पेटीला शोभणारे नाही.

मी उत्तर लिहिले. पहिल्या परिच्छेदात: काच ग्रॅनाइटच्या ओट्याला लागून फुटली, पावतीवरची माहिती मी दिली होती, ती खरी नाही. हा परिच्छेद लिहायला मला एक अख्खी संध्याकाळ लागली. दुसरा परिच्छेद सौ.ने सांगितला, तो पाच मिनिटांत झाला: यंत्रात दोष असल्यास लेखी कळवा, तो हमीत दुरुस्त व्हावा, नसल्यास सर्व्हिसिंग नको. फक्त काच आणि तिचे रबरी कडे बदला, घड्याळ पाण्याच्या दाबाखाली तपासून त्याचा अहवाल द्या, नव्या काचेवर हमी किती ते लिहा, आणि जुनी काच परत करा. “जुनी कशाला हवी?” मी विचारले. “आपली आहे म्हणून,” ती म्हणाली.

मला वाटले होते, माझ्या कबुलीजबाबाने त्या कार्यालयात खळबळ उडेल. तिसऱ्या दिवशी उत्तर आले: माहितीबद्दल आभार, यंत्रात दोष नाही, सुधारित अंदाजपत्रक सोबत जोडले आहे. काच १४,५००, कडे व दाबचाचणी २,५००, करासह एकूण २०,०६०. खऱ्याखोट्याबद्दल अवाक्षर नाही. आपोआप तडे गेलेली घड्याळे त्यांच्याकडे रोज येत असावीत.

सहा आठवडे काच स्वित्झर्लंडहून यायची होती. संक्रांतीच्या आधी घड्याळ मिळाले. काउंटरवर तीच मुलगी होती. तिने काच, चाचणीचा कागद आणि छोट्या प्लॅस्टिकच्या पिशवीत जुनी काच पुढे ठेवली. मी तिला म्हणालो, “त्या दिवशी मी तुम्हाला चुकीचं सांगितलं होतं.” तिने सौ.कडे पाहिले. “मॅडम उठून गेल्या तेव्हाच मला वाटलं होतं, सर,” ती म्हणाली आणि सहीसाठी पेन पुढे केले.

जुनी काच मी आमच्या घड्याळजींना नेऊन दिली. त्यांना हवीच होती. कोणी नवे घड्याळ घेऊन “सफायर आहे, फुटत नाही” म्हणाला, की ते पेटीतून ती काढतात, आधी तिच्या कडेने एका जुन्या बाटलीवर पांढरी रेघ ओढून दाखवतात आणि मग तडा दाखवतात. कोणाची काच, ते सांगत नाहीत. मी समोर उभा असलो तर हसतात एवढेच.

यंदाची साफसफाई परवाच झाली. घंगाळ माळ्यावरून काढायचे होते. मी स्टुलापाशी गेलो, तशी सौ.ने हात पुढे केला. मी घड्याळ काढून तिला दिले. तिने कपाट उघडले, दागिन्यांच्या डबीत ते ठेवले, क्षणभर थांबली, आणि आईकडून आलेल्या हिऱ्याच्या कुड्या तेवढ्या उचलून दुसऱ्या खणात ठेवल्या. मग येऊन स्टूल धरले.